सातव्या नंबरची मयत बाई

रजिस्टर पत्र परत पाठवावं ते भागीरथा खंडारेनं. अकोल्याच्या रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा नवरा देवमन आणि त्याचा चुलतभाऊ बुधाजी यांचा सामाईक भिंतीवरून वाद होता. बुधाजी अमरावतीला राहायला गेला, पण भिंत काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. दर सहा महिन्यांनी तो तिथल्या वकिलाची नोटीस नवराबायकोच्या नावानं न चुकता पाठवायचा. नोटीस हातात घेतली की कोर्ट सुरू होतं, एवढा कायदा भागीरथाला पक्का ठाऊक होता. म्हणून ती नोटीस घेतच नसे.

चिंतामण पोस्टमन सायकल कुडाला टेकवायचा आणि उगाच घसा खाकरायचा.

"भागीरथा देवमन खंडारे हायत का घरी?"

"गावाले गेली," भागीरथा चुलीपुढून न उठता स्वतःच सांगायची.

"मंग तुमी कोन?"

"तिची बईन."

"तोंडावयन तं सारख्याच दिसता."

"एका मायच्या लेकी, सारख्याच राह्यनार. चा ठेवू का?"

चहा व्हायचा, लेकराबाळांची चौकशी व्हायची आणि पाकिटावर 'मालक घरी नाही' असा शेरा घेऊन नोटीस आल्या वाटेनं अमरावतीला जायची. बारा वर्षांची ओळख होती. दोघंही आपापलं सोंग मनापासून वठवायचे. पुढे पुढे वस्तीतल्या बायका अशा प्रसंगी भागीरथाचा सल्ला घेऊ लागल्या. सून शालू घरात आली, तेव्हा सासूनं तिला भाकरी थापायला शिकवलं नाही, ती तिला येतच होती. हे मात्र शिकवलं.

भागीरथा गिरणीत रिळाच्या खात्यात होती. सूत रिळावर चढवायचं, धागा तुटला की दोन बोटांत धरून गाठ मारायची आणि गाठ अशी की पुढं कापड विणणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये. बेचाळीस बायकांच्या खात्यात जुनेपणानं तिचा नंबर सातवा होता. सातवं रीळ खिडकीशी होतं. दुपारी तिथं कडुलिंबाची सावली यायची, सुतावरून सरकत सरकत तिच्या मनगटापर्यंत. त्या जागेवर तिची चौदा वर्षं गेली होती.

बासष्ट सालच्या नोव्हेंबरात सरहद्दीवर लढाई पेटली. कोळशाच्या वाघिणी तिकडच्या कामाला लागल्या आणि गिरणीचं बॉयलर थंड पडलं. एक पाळी बंद झाली, रिळाचं अख्खं खातं कमी केलं गेलं. टाइमकीपर बापूसाहेबांनी फाटकाशी उभं राहून कागद वाचून दाखवला. गृहस्थ अत्यंत सरळ. कागदात स्वल्पविराम असेल तिथं थांबायचे. गिरणी पुन्हा माणसं घेईल तेव्हा जुन्यांना आधी बोलावणं भाग आहे, जुन्यातला कुणी बाहेर असेतो नव्याला घेता येत नाही, असा कायदा आहे, असं ते म्हणाले. त्यापुढंही त्यांनी बरंच वाचलं. कसं कळवणार, किती दिवसांत यायचं. पण भागीरथानं पदराच्या गाठीला बांधावं तसं एकच वाक्य धरून ठेवलं होतं: जुन्यांना आधी.

कसं बोलावतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गिरणीत लागण्याआधी तिनं कापसाच्या जिनात दहा हंगाम काढले होते. तिथं दसरा आला की मुकडदम वस्तीत यायचा आणि दारोदार हाका मारायचा, "चाला वो बायांनो, जिन सुरू झालं!" बोलावणं म्हणजे हाक. ती अशीच येणार.

हाकेची वाट पाहत हिवाळा गेला. शेंगा फोडल्या, गवऱ्या थापल्या. कधी कधी शेंगा फोडताना तिची बोटं मध्येच थांबायची आणि नसलेल्या धाग्याला गाठ मारायची. देवमन शेंगांचं सूप तिच्याकडे सरकवायचा. मार्चात वरूडला संत्र्यांच्या पेट्या भरायचं काम निघालं, तेव्हा ती आठवडाभरासाठी तिकडे गेली.

आणि नेमकं तेव्हा पत्र आलं.

चिंतामण लेकीच्या लग्नाच्या रजेवर होता. बदलीचा पोस्टमन कोवळा होता, खाकी कपड्याला इस्त्री केलेला, आणि त्याला हे नाटक कुणी शिकवलं नव्हतं.

"भागीरथा खंडारे?"

"गावाले गेल्या," शालू शिकवल्याप्रमाणे म्हणाली.

"कवा येतीन?"

हा प्रश्न चिंतामण कधी विचारत नसे. शालू म्हणाली, सांगता येत नाही. तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. "बाई, माले तारीख पाह्यजे. कवा येतीन ते?"

शालू सातवी शिकलेली, पण ऐन वेळी सातवी काही कामास आली नाही. "त्या आता येत नाईत," ती म्हणाली.

"काहून?"

"वारल्या."

पोस्टमननं टोपी काढली. मग शाईची पेन्सिल जिभेला लावून पाकिटावर सुबक अक्षरात लिहिलं: 'मयत.'

भागीरथा वरूडहून परतली तेव्हा शालूनं तिला तांब्याभर पाणी दिलं आणि सांगितलं, "आत्या, रजिस्टर आलतं. धाडलं मी परत."

"शाबास, पोरी," भागीरथा म्हणाली. तपशील तिनं विचारला नाही, शालूनं सांगितला नाही.

दोन दिवसांनी दुपारी दाराशी गलका झाला. रिळाच्या खात्यातली मनकर्णाबाई पदरात तोंड खुपसून आत आली आणि उंबऱ्यापासूनच सूर लावला, "कशी गेली व माही माय, तोंडही नाई पाह्यलं व..." शेवटचा 'व' तिनं लांबवला, डोळे पुसले आणि समोर पाहिलं. भागीरथा परातीत पीठ मळत बसली होती.

मनकर्णाबाईचा सूर वरच्या वर अडकून राहिला.

"कोन गेलं?" भागीरथानं हात पिठातच ठेवून विचारलं.

"तूच."

"मी? कवा?"

"मागच्या बुधवारी म्हनते. आमी फाटकापाशी दोन मिनिटं उभ्या राह्यलो तुह्यासाठी." मनकर्णाबाई मटकन खाली बसली. "बापूसायेबाच्या डोयात पानी होतं. आन तू भाकरी करून राह्यली!"

"मंग काय करू? मेली म्हून उपाशी राहू?"

मनकर्णाबाईला आधी पाणी पाजावं लागलं. मग एकेक उलगडलं. गिरणी सोमवारपासून पुन्हा दोन्ही पाळ्यांत सुरू होत होती. बेचाळीसही बायकांना रजिस्टर पत्रं गेली होती. दहा दिवसांची मुदत होती आणि आज दहावा दिवस. पाच वाजता कचेरी बंद. भागीरथाचं पत्र शेरा घेऊन परत आलं, यादीतल्या नावावर तांबडी रेघ बसली.

"आन जागा?" भागीरथानं विचारलं.

"सारे एकेक नंबर वर सरकले. शेवटची जागा मोकळी झाली तं मानसं भरनाऱ्या जॉबरनं आपली साळी आणून उभी केली. अजून कोनाचं तरी पत्र परत आलं, त्या जागेवर साळीची जाऊ."

भागीरथानं हळूहळू शालूकडे पाहिलं. शालू कोपऱ्यातल्या रांजणाइतकी स्तब्ध होती.

"तुले मी घरी नाई म्हनाले शिकवलतं," भागीरथा म्हणाली. "जगातच नाई, असं म्हनलं होतं का?"

"तो आयकतच नव्हता, आत्या."

"ऊठ. पायात चपला घाल. लिवनं येते ना तुले? चाल."

दोनला त्या कचेरीत पोचल्या. बापूसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उभे राहिले. चेहऱ्यावर आनंद उमटला तो अगदी खरा होता. पण मग नजर समोरच्या कागदावर गेली आणि ते हळूच बसले.

"भागीरथाबाई, तुम्हाला पाहून फार बरं वाटलं. पण तुम्ही मयत आहात."

"कोन म्हनते?"

"पोस्ट खातं. सरकारी शेरा आहे." त्यांनी पाकीट उचलून दाखवलं.

"शेरा खोटा हाय, बापूसायेब. हे माही सून, इनंच सांगलं."

बापूसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "असं बोलू नका बाई, थांबा. तुमच्या घरच्या माणसानं पत्र परत केलं असं मी लिहिलं, तर त्याचा अर्थ तुम्ही पत्र नाकारलंत. नाकारलंत म्हणजे हक्क सोडलात."

"आन नाई लिवलं तं?"

"तर तुम्ही मयत."

"म्हंजे मेली तरी गेली आन जिती राह्यली तरी गेली!" भागीरथानं टेबलावर तळवा टेकवला. संत्र्यांच्या पेट्यांतल्या गवताचे ओरखडे त्यावर अजून होते. "बापूसायेब, चवदा वर्सं तुमी रोज सकाळी माही हजेरी मांडली. आज मी समोर उभी हाय तं मांडता येत नाई?"

बापूसाहेब घड्याळाकडे बघू लागले. अशा वेळी ते नेहमी घड्याळाकडे बघत. शालू अचानक म्हणाली, "काका, त्या पत्रात काय लिवलं हाय, ते तं पाहू. आमी वाचलंच नाई."

बारा वर्षांत खंडाऱ्यांच्या नावाचं रजिस्टर पाकीट पहिल्यांदा फुटलं. बापूसाहेबांनी आपलंच पत्र, स्वल्पविरामाशी थांबत, वाचलं. "आपण दहा दिवसांचे आत, कचेरीत, समक्ष हजर होऊन, काम मागितल्यास, आपणांस नव्या माणसांआधी..."

"समक्ष म्हंजे?"

"म्हणजे स्वतः येऊन. तोंडासमोर."

"मंग मी कोनाच्या तोंडासमोर हाय?"

बापूसाहेबांनी ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. ओठ हलत होते. पत्र हातात पडलंच पाहिजे असं त्यात नव्हतं. माणूस आलं पाहिजे, एवढंच होतं. त्यांनी कोरा कागद शालूपुढे सरकवला. "लिही पोरी. मुदतीत, समक्ष हजर आहे, काम मागते."

शालूनं लिहिलं. सुरुवातीला तिनं आपल्या मनानं एक ओळ घातली: 'मी जिवंत आहे.' बापूसाहेब म्हणाले, ही ओळ कायद्यात लागत नाही. मग जरा विचार करून म्हणाले, असू दे. भागीरथानं सही केली. त्यांनी शेजारी 'समक्ष पाहिले' असं लिहून तारीख घातली आणि यादीतल्या तांबड्या रेघेवर चाकूच्या पात्यानं हलकेच खरवडू लागले. कागद जरा विरळ झाला, पण नाव वर आलं. सातवं.

भागीरथा वाकून बघत होती. तिला अक्षरं सावकाश लागायची, पण लागायची. खाली आणखी एक तांबडी रेघ होती. "हे कोन? एकोनिसावी?"

"सुंदराबाई. पत्ता सापडला नाही, असा शेरा आहे."

"कसा सापडन? जुना निंब पडला, त्याच्यापाशी घर, असा पत्ता दिला तिनं. निंब पडून पाच वर्सं झाली." ती सरळ झाली. "ते समक्ष आली तं?"

"पाच वाजेपर्यंत," बापूसाहेब म्हणाले. दारात जॉबर येऊन उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "आत्ता तीन वाजलेत."

भागीरथा निघाली. शालू मागं पळत होती. ऊन रुळांवर नुसतं तळपत होतं. सुंदराबाईचं घर रुळांच्या पलीकडे, नाल्याच्या कडेला. दार लोटलेलं होतं. भागीरथानं कडी वाजवली आणि मुकडदमासारखी खणखणीत हाक मारली, "सुंदरे! चाल!"

सुंदराबाई बाहेर आली. भागीरथा वारली, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. ती दोन पावलं मागं गेली, भिंतीला टेकली.

"कुठी?" तिनं क्षीण आवाजात विचारलं.

"कुठी काय विचारतं? माह्यासंगं. बोलावनं आलं हाय."

"मी नाई येत," सुंदराबाई म्हणाली आणि दाराची कडी आतून लावून घेतली. "माही पोरं लहान हायत, भागीरथे. तू जा पुढं."

"अवो, पाचाले बंद होते!"

"होऊ दे बंद," आतून आवाज आला. "माले काई घाई नाई."

भागीरथानं शालूकडे पाहिलं, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दार ठोठावायला लागली.