एक सूत खाली

जगातली प्रत्येक वस्तू एक तर एक सूत वर आहे नाहीतर एक सूत खाली, आणि ती जागेवर आणण्यासाठीच देवाने आपल्याला लोणावळ्यात जन्माला घातले आहे, याविषयी माझ्या धाकट्या मामाला तिळमात्र शंका नव्हती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या आठव्या भागावर मामाने अख्खा संसार मांडला होता! बाजारात त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. पण गिऱ्हाइकाचा रेडिओ उघडण्याआधी तो त्याचा चष्मा सरळ करी. पंगतीत बसताना पाटाखाली पुठ्ठ्याची घडी सारी. आमच्याकडे आला की चपला काढायच्या आधी त्याचा हात भिंतीवरच्या तसबिरीकडे जाई. "अहो, माझी उंची तेवढी राहू द्या," असे मामी म्हणे, आणि मामा तिच्याकडे क्षणभर विचारपूर्वक पाही.

पन्नाशीच्या सुरुवातीला या गृहस्थाने बिनतारी चालणारा छोटा ट्रक केला. खऱ्या गाडीच्या फुटाला इथे एक इंच. हातात बिस्किटांचा डबा, त्यातून एरियलची उंच तार निघालेली. डब्यावरचा खटका दाबला की ट्रक दुकानासमोर ऐटीत वळे आणि बाजार टाळ्या वाजवी. मामाला मात्र टाळ्या नको होत्या. एकाच माणसाच्या तोंडून 'व्हय' हवे होते. तो माणूस म्हणजे सोमाटण्याचे त्याचे सासरे, आबा. आबांनी उभा जन्म घाटातून ट्रक नेला होता आणि गुडघे गेल्यावर ते ओट्यावर बसून हमरस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला नावे ठेवत. रेडिओवाल्या जावयाचे कौतुक त्यांनी बारा वर्षांत एकदाही केले नव्हते. म्हणून मामाने त्यांच्याच जुन्या गाडीची नक्कल केली; ती आता ज्या गॅरेजात उभी होती तिथे पोटावर झोपून मापे घेतली.

आबांनी ट्रक पाहिला. "जावईबापू, खेळणं झ्याक हाय. पर ही माजी गाडी न्हाई. बगळ्यावानी उबी हाय."

ट्रकची बॉडी चार खुंटांवर बसवलेली होती. खुंटांना एकाखाली एक भोके, भोकात टाचणी. एक भोक खाली म्हणजे एक सूत. "खऱ्या गाडीत दीड इंच!" असे ओरडत मामाने चारही टाचण्या एकेक भोक खाली घेतल्या. पुढच्या रविवारी सोमाटण्यात ट्रक वळला आणि चाके मडगार्डला कर्रकन घासली. "पयल्याच वळणाला टायर फुटला की वो!" आबा म्हणाले. मामाने महिनाभर मडगार्डे आतून कानशीने घासली. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. चाके घासली नाहीत, तरी आबांनी मान हलवली. "न्हाई."

मामाचा आवाज चिरकला. "आबा, ते एक सूत सोडलं तर बाकी गॅरेजात सुताने मोजलीय! फरक निघाला तर मिशी काढीन!"

"गॅरेजात रिकामी हुती ती. रिकामी गाडी म्या कवा चालवली? कामशेतचा तांदूळ भरला की मागनं बसायची, नाक वर करून."

सगळे जग मोजणारा माझा मामा ओझे मोजायला विसरला होता! त्याने तिथेच मागच्या दोन टाचण्या उपसल्या, दोन भोके खाली खोचल्या आणि खटका दाबला. नाक वर करून ट्रक ओट्याकडची दगडी चढण चढू लागला. आबांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. "दाब! दाब! आरं वळण आलं, हॉर्न दे!" बारा वर्षांचे अहोजाहो त्या वळणावर गळून पडले. ट्रकला हॉर्न नव्हता. मामाच छाती फुगवून ओरडला, "पोंऽऽ पोंऽऽ!" हमरस्त्यावरचा एक खरा ट्रक दचकून बाजूला झाला! आमचा ट्रक आबांच्या अंगठ्याशी येऊन थांबला. आबांनी बॉनेटवर तळवा ठेवला, इंजिन तापलेय का पाहावे तसा.

"व्हय," ते म्हणाले. "हीच."

मामाने मला उचलायचा प्रयत्न केला. मी तेव्हा चाळिशीचा होतो.

आता आबा नाहीत. ट्रक मामाच्या दुकानात फळीवर असतो. ती फळी मामा दर महिन्याला वर-खाली करतो. पण मागच्या त्या दोन टाचण्यांना त्याने पुन्हा हात लावलेला नाही. ट्रक रिकामाच आहे. उभा मात्र भरल्यासारखा आहे.