गच्ची द्यावी की न द्यावी: मऊरानीपूरची एक फेरी

झाशीतल्या आमच्या घरात खालचा मजला मुलाचा, स्वयंपाकघर सुनेचं आणि गच्ची माझी. किल्ली माझ्या कमरेला. उन्हाळा लागला की तिथे माझ्या कुरडया, पापड, सांडगे वाळतात. यंदा होळी झाली आणि मुलगा, बाळू, म्हणाला, "आई, गच्चीवर सोलर बसवू या. आहे त्याच इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडता येतं." मी म्हटलं, आधी बघून येते, मग सांगते. सून आणताना चार घरं बघितली, हे तर डोक्यावर येऊन बसणार.

बघायला गेले कमलाजिज्जीकडे. रेल्वे कॉलनीत आम्ही शेजारणी. तिचे यजमान, दद्दा, रिटायर झाल्यावर दोघं मऊरानीपूरजवळच्या आपल्या गावी शेतावर राहायला गेली. सोबतीला माझी नात मुक्ता, बाळूची मुलगी. हे सगळं टाइपही तीच करतेय, कारण मी अक्षरांच्या वाटेला कधी गेले नाही. तिला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र निम्म्यावर हिंदी येते. तेव्हा चुका दिसल्या तर त्या तिच्या.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची बस धरा. पॅसेंजर स्वस्त पडते, पण रेल्वेवाल्याची बायको म्हणून सांगते, तिच्या भरवशावर कुणाला जेवायला येतो म्हणू नका. बरुआसागरला उतरून गरम भजी खाल्ली, द्रोणात, वर हिरवी चटणी. रस्ता आता छान झालाय. दोन्हीकडे गव्हाची कापणी चालू, आणि मधूनमधून विहिरीपाशी उभ्या सोलरच्या निळ्या काचा. पूर्वी या रस्त्याला डिझेल इंजिनांची धकधक असायची, त्यावरून कुणाचं शेत भिजतंय ते कळायचं. आता पाणी चुपचाप येतं. बरं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही. मऊरानीपूरच्या स्टँडवरून पुढे ई-रिक्शा मिळते. भाडं आधी ठरवा, पिकले केस दिसले की वाढवतात.

आम्ही पोचल्यापोचल्या जिज्जीने भिंतीवरची डबी दाखवली. छपरावर दोन पॅनल, खाली बॅटरी आणि दोघांच्या मध्ये ही.

"लाल मतलब भूखी," ती म्हणाली, "हरी मतलब पेट भर गओ."

मुक्ताने समजावलं. काचांची वीज सरळ बॅटरीत सोडत नाहीत. बॅटरी भरली की ही डबी वाढणं थांबवते. फारच रिकामी झाली तर घरातले पंखे-दिवेच बंद करते, म्हणजे बॅटरी मरत नाही. "इसको चार्ज कंट्रोलर बोलते हैं, आजी."

"आमच्यात सासू म्हणतात," मी म्हटलं. "कोठीच्या किल्ल्या हिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी जिज्जी गड्यांबरोबर कापणीला गेली. दद्दा तेवढे खाटेवर, त्यांना दमा. जिज्जीला कुरडयांची भारी हौस, म्हणून मी घरून गव्हाचा चीक डब्यात नेला होता. तो शिजवला, पण घालायच्या कुठे? अंगणात बकऱ्या. मुक्ताला घेऊन वर गेले. काय सांगू, उतरत्या, स्वच्छ पुसलेल्या काचा, हात ठेवला तर चटका बसावा. वाळवणाला अशी जागा मला जन्मात मिळाली नव्हती. ओलं धोतर अंथरलं आणि सोऱ्याने या काठापासून त्या काठापर्यंत कुरडया घातल्या. मुक्ताने फोटोसुद्धा काढले.

संध्याकाळी रोजच्यासारखी गावची लाइट गेली. सोलरचा पंखा थोडा फिरला आणि थांबला. डबीवर लाल दिवा. दद्दा उठून बसले, श्वास लागला. जिज्जी विंझणा घेऊन त्यांच्यापाशी गेली. "कल तक तो ठीक थी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मऊरानीपूरहून मिस्त्री बोलवायचं ठरलं.

दद्दांचं वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, आतून मी खूशही झाले. मुक्ताला फोन लावायला सांगितला. "बाळू, बघून झालं. एक पंखा नीट चालवत नाही. गच्ची आहे तशी राहू दे."

"ठीक आहे, आई," तो म्हणाला. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

विंझणा माझ्या हातात देऊन जिज्जी वाळवण आणायला वर गेली. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "काए बाई, जे का धर दओ तुमने?"

"कुरडया," मी म्हटलं.

"काँच पे?"

मग ती हसायला लागली. "सूरज पे ढक्कन लगा दओ," म्हणत हसतच खाली आली. दद्दाही हसले, आणि हसता हसता त्यांना जी खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. मी वारा घालत राहिले.

मुक्ता हळूच म्हणाली, "पापा को बताना है?"

झाशीत कुणाला कळणार नव्हतं. कुरडया खाल्ल्यावर पुरावाही उरला नसता. दद्दांचा श्वास खाली बसल्यावर मी विंझणा बाजूला ठेवला. मग म्हटलं, "लाव फोन."

दुसऱ्या दिवशी काचा मोकळ्या होत्या. सूर्य डोक्यावर आला तशी डबी हिरवी झाली. मिस्त्रीला येऊ नको म्हणून सांगितलं.

आता आमच्या गच्चीवरही काचा आहेत. अट मी घातली: खांब उंच हवेत. उडदाचे पापड उन्हात तडकतात, त्यांच्यासाठी मी दरवर्षी जुन्या साडीचा मांडव करायची, तो आता आयता मिळाला. कुरडयांना मात्र कडक ऊन लागतं. त्यांच्या वाट्याला कठड्याजवळची पट्टी आली, आणि यंदा त्या कमी झाल्या. हे नुकसानच आहे, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. बसवणारा म्हणाला, "अम्मा, इन पर कुछ रखिएगा मत." बाळू खाली बघून हसला.

संध्याकाळी मोहल्ल्याची लाइट जाते, आमचा पंखा फिरत राहतो. तेव्हा मी जिज्जीला फोन करते. आधी दद्दांची तब्येत, मग, "डिबिया क्या कहती है?"

"हरी है. और तुम्हारी?"

मी उठून बघून येते.