रिळातली ती बाई काय बोलली?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. जन्मभर गणित शिकवलंय मी! पण पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी, बिदरकडे हुलसूरला मास्तर असताना, भर दुपारी जे घडलं त्याचं गणित काही सुटत नाही...

मला मूकपट जमवायचा नाद होता. बोलपट आल्यावर ती रिळं भंगारात जायची. मी मागून आणायचो. लोक हसायचे. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला जन्म देतानाच आई गेली. तिचा एकही फोटो नाही. वडील एवढंच म्हणाले होते, "तू पोटात असताना बिदरच्या किल्ल्यात सिनेमावाले आले होते. गर्दीत तुझी आई उभी होती."

किल्ल्यातलं ते रीळ शेवटी अफजलपूरच्या एका तंबू-सिनेमावाल्याकडे मिळालं. बघायला शेजारच्या गंगाक्काला बोलावलं. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. ओठ बघून ती मराठी, कानडी दोन्ही ओळखायची. बोलपटांवर तिचा भारी राग!

खिडक्यांना घोंगड्या लावल्या, आरशाने ऊन सिनेमाच्या यंत्रात सोडलं आणि हँडल फिरवू लागलो. समोर पडदा म्हणून टांगलेल्या धोतरावर किल्ला उमटला. मिरवणूक... कडेला वीसेक बायका. यातली आई कोणती? इतकी वर्षं शोधलं, पण हा साधा प्रश्न कधी सुचलाच नव्हता. रडू आलं मला.

"मास्तर, सावकास फिरवा," अक्का म्हणाली. "ती कडंची बाई बोलायलीय."

"काय?" अंधारात माझे ओठ तिला दिसले नाहीत. तीच पुढे म्हणाली, "'गुंडू, ऊट आतेन?' म्हणायलीय. कोण वो हा गुंडू?"

ऊट आतेन — जेवण झालं का. आई खजुरी गावची, माहेरी कानडीच. आणि गुंडू म्हणजे मी! पण ते नाव आत्याने बाराव्या दिवशी ठेवलं... आई गेल्यावर. हुलसूरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या बाईचं कपाळ माझ्यासारखं होतं. बघता बघता माझा हात थांबला. फिरती फिल्म थांबली की उन्हाच्या झोताने पेटते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी थांबला. रीळ भडकलं. अक्काने मला ओढत बाहेर काढलं.

नंतर तिला अंगणात उजेडात विचारलं, "माझं नाव तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? अन् सांगितलं तर मला ऐकू येतंय व्हय?"

रिळाचा रिकामा डबा अजून माझ्याकडे आहे. मी एकटाच जेवतो. हात धुतले की डब्याकडे बघून म्हणतो, "आतु." झालं, आई.