तिखट कुत्रं आणि विलासचा बोर्ड

विलास गेल्याची बातमी माझ्याकडे ऑर्डर म्हणून आली. नारायणगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. सकाळी शटर वर करतो न करतो तोच मोबाइलवर एक फोटो आला आणि खाली मजकूर... ‘भावपूर्ण श्रद्धांजली. कुत्री तिखट करण्यात हातखंडा असलेले आमचे मार्गदर्शक कै. विलासभाऊ. सहा बाय चार, दुपारपर्यंत पाहिजे.’ पाठवणारा वारूळवाडीच्या एका मंडळाचा कार्यकर्ता होता. फोटो मीच काढलेला, विलासच्या पहिल्या बोर्डासाठी. त्यात त्याच्या मांडीला टेकून त्याची कुत्री चिमी बसली होती. मंडळानं तिला कापून टाकलं होतं. श्रद्धांजलीत कुत्रं बरं दिसत नाही म्हणून असेल. तिचा एक कान तेवढा कोपऱ्यात राहिला होता. मी आधी तो कान बघितला आणि मग ‘कै.’ वाचलं. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, हे नंतर कळलं. पण रडू यायच्या आधी मला संताप आला. तीन आठवडे झाले, तो उतरलेला नाही.

विलास आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तो शेतकऱ्याचा, मी दुकानदार जैनाचा. माझे पणजोबा राजस्थानातून इथे आले. पण विलास मला ‘शेठ’ म्हणायचा तो चिडवायला. तो जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा. मालकानंच काठीनं फोडलेली कुत्री तिथे यायची, आणि मालक सांगायचे, ‘पडलं, राव.’ एक दिवस त्यानं नोकरी सोडली, पुण्याला जाऊन कुत्री शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि टोमॅटोच्या वावराशेजारी पत्र्याची शेड टाकून शाळा काढली. साखळी नाही, काठी नाही. हातात माझ्या दुकानाची जाहिरात असलेलं बटणाचं पेन आणि खिशात उकडलेली कलेजी. कुत्र्यानं बरोबर केलं की त्या क्षणी पेन ‘टिक’ वाजवायचं आणि लगेच तुकडा द्यायचा. त्याचा सदरा कायम कलेजीचा वास मारायचा. मी एकदा गंमत म्हणून नुसतंच पेन वाजवलं, तर माझ्यावर खेकसला. “टिक केलं की द्यायचंच, शेठ! न्हाई दिलं तर ती आपली लबाडी झाली.”

आमचं भांडण झालं ते बोर्डावरून. त्यानं वहीच्या कागदावर मजकूर आणला, ‘मार न देता कुत्रं शिकवून मिळेल’, आणि खाली मोबाइल नंबर. मी हसलो. आमच्याकडे बिबट्या दाराशी येतो. लोकांना शिकलेलं कुत्रं नको, तिखट, अंगावर धावून जाणारं कुत्रं पाहिजे. मी म्हणालो, “तिखट हा शब्द टाक, लाइन लागंल.” तो म्हणाला, “शेठ, तिखट करायला लोक कुत्र्याला ठेचा चारत्यात, अंधाऱ्या खोलीत कोंडत्यात. तू जैन ना रे? पाणी गाळून पितोस आन् हे छापतोस?” मी मान डोलावली. आणि त्याला न विचारता छापलं, ‘कुत्रं तिखट करून मिळेल’, टपोऱ्या लाल अक्षरात; ‘मार न देता’ खाली बारीक. मित्राचा धंदा चालावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानं पाहिला तोवर बोर्ड हायवेला लागला होता.

लाइन लागली. आणे गावाहून एक बागायतदार त्याचं दांडगं कुत्रं घेऊन आला. विलासनं तासभर कुत्र्याकडे नुसतं पाहिलं. मी तिथेच होतो. तो म्हणाला, “पावणं, हे तिखट न्हाई, भ्यालेलं हाय. भ्यालेलं कुत्रं चावतं. मला दोन महिनं द्या, आन् याला मारू नका.”

“मंग बोर्डावर लिहिलंय कशाला?” असं म्हणून बागायतदार कुत्र्याला ओढत घेऊन गेला. घरी व्हायचं तेच झालं, ठेचा आणि अंधारी खोली. पंधरा दिवसांनी कुत्रं घरातल्याच लहान मुलीला चावलं. मुलगी वाचली, कुत्र्याला मारून टाकलं. आणि गावोगाव झालं काय? ‘विलासनं तिखट केलेलं व्हतं.’ ज्या कुत्र्याला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं! एकानंही त्याला विचारलं नाही. चहाच्या टपरीवर त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. शाळेत उरली एकटी चिमी.

तो तोच वहीचा कागद घेऊन पुन्हा माझ्याकडे आला. खाली एक ओळ वाढवली होती, ‘भ्यालेलं कुत्रं चावतं.’ “बोर्ड म्हंजे बी टिकच हाय, शेठ. ह्या वेळी खरं छाप.” एवढंच बोलला, मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, उद्या. तेव्हा पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचा हंगाम होता. गल्लीतल्या प्रत्येक ‘भावी’चा चेहरा मी छापत होतो. कागद ड्रॉवरमध्ये पडला. उद्या, परवा... चार महिने.

म्हणून त्या सकाळी मंडळाचा मजकूर मी पुसला. जुन्या फोटोतून चिमीला परत आणलं. ‘श्रद्धांजली’च्या खाली विलासचा कागद जसाच्या तसा घेतला आणि स्वतः उभा राहून चौकात लावला. कार्यकर्ता धावत आला. “शेठ, डोकं फिरलं का? मेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर टाकत्यात व्हय?” मी म्हणालो, “काढून दाखव.” मी आयुष्यात कुणाशी असं बोललो नव्हतो.

दहाव्याला मी त्याच्या घरी गेलो. विलासचा मोबाइल त्याच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या पदरात गुंडाळलेला होता. म्हणाल्या, “भाऊजी, काल डिंभ्याहून एका बाईचा फोन आला. तुमचा बोर्ड वाचून. म्हणली, आमचं कुत्रं लई भितं, तुमी मारत न्हाई ना?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“न्हाई म्हणलं, मारत न्हाई... मंग फोन ठेवून दिला. पुढचं मला सांगता आलं न्हाई.”

चिमीला मी दुकानात आणलं आहे. काउंटरखाली पडून असते. परवा कुणाची तरी ऑर्डर लिहिताना सवयीनं पेनचं बटण दाबलं गेलं. ती उठली, समोर येऊन ताठ बसली आणि माझ्या खिशाकडे बघत राहिली. गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून मी रस्ता ओलांडला आणि खाटकाच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा. “पावशेर कलेजी,” म्हणालो.