गवराबाईंच्या जिभेवरचं शंखजिरं

आमच्या शेजारच्या गवराबाई बावीस वर्षं तळेगावातल्या इनामदार हकिमांसाठी शंखजिरं घोटतात. हकीमसाहेब त्याला संगजराहत म्हणतात. मऊ पांढरा दगड. हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांच्या दातमंजनात हा दगड घालतात. आधी कुटायचा, मग खलात घोटायचा, मग पाण्यात ढवळून ठेवायचा. जाड कण तळाशी बसले की वरचं दुधासारखं पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतायचं. त्यात खाली बसेल ते औषध. पहिल्या पातेल्यातला गाळ परत खलात. अगदीच जाड उरला तर तो माझ्याकडे येतो, देवापुढच्या रांगोळीला.

गेल्या महिन्यात हकीमसाहेबांच्या मुलाने चाकणहून यंत्रावर दळलेली पूड नमुन्याला आणली. म्हणाला, "बाईंचे खांदे दुखतात. बसू दे आता घरी."

गवराबाईंनी पदर खोचला. "खांदं माजं हायेत. गुरुवारी माजी पूड बगा, मग ठरवा."

रविवारी ढवळलेलं पातेलं समोर ठेवून त्या बसल्या होत्या. घाई मीच केली. "चला, भैरवनाथाची आरती चुकेल." त्यांनी वेळेआधीच पाणी ओतलं.

गुरुवारी मीही दवाखान्यात गेले. हकीमसाहेबांनी दोन्ही चिमटी दातांखाली धरल्या. "दोन्ही सारख्याच. मग बाईंचंच चालू दे."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात गवराबाईंनी स्वतःची चिमूट जिभेवर ठेवली. "थांबा. माज्यात कच हाय."

"मला नाही लागली."

"तुमाला कशी लागंल? कवळीला काय कळतंय?"

मुलगा हसला. "म्हणजे यंत्राचीच घ्यायची ना?"

त्यांनी तीही चाखली. "व्हय, ही चांगली हाय. खोटं कशापायी बोलू?"

 आरतीची घाई माझी, आणि काम जाणार त्यांचं.

हकीमसाहेब मुलाकडे वळले. म्हणाले, "आज चांगली आहे. पुढच्या पोत्यात कच असली तर कोण सांगणार? मी, या कवळीने? बाई कुठं जात नाहीत."

"माजी परत द्या," गवराबाई म्हणाल्या. "घोटून आणते."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसले. देवळात घंटा वाजली. गवराबाईंनी तिथूनच हात जोडले, पण पातेल्याला हात लावला नाही.