मुंगूस कुणाचं

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, तेव्हा मी आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणाच. गावाकडच्या आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्या माणसांनी राग मानू नये.

दुष्काळ सरल्यावरच्या जूनमध्ये मी आटपाडीकडचं गाव सोडून सांगलीला निघालो. आबा, म्हणजे माझे वडील, एस.टी.पर्यंत आले होते. वाटेत मुंगूस आडवं गेलं. वळून त्यानं तोंड दाखवलं तर काम होतं, असं आमच्यात मानतात. आबा ट्रंक खाली ठेवून निवडुंगाकडे बघत राहिले. मुंगूस वळलं नाही. "बघू," एवढंच ते म्हणाले. कॉलेजवर त्यांचा भरवसा नव्हता. दिवाळीनंतर मेंढरांचा कळप उसाच्या मुलखात न्यायचा, तेव्हा माझ्यावाचून त्यांचं अडणार होतं. कॉलेज पटलं नाही तर मला परत नेणार, हे ठरलेलंच होतं.

इंग्रजीच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर 'मॉन्गूस' लिहिलं. म्हणाले, "इंग्रजांच्या देशात हा प्राणीच नव्हता. नाव आपल्याकडून गेलं." मग मला उठवलं. "तुमच्याकडे काय म्हणतात, मोठ्यानं सांगा." मी सांगितलं आणि वर्ग हसला. हॉस्टेलवर पोरं "काय मुंगूस, जेवलास का?" म्हणू लागली. इतक्या पोरांत सरांनी मलाच का उठवलं? माझ्या कपड्यांना मेंढरांचा वास येत असेल का? लायब्ररीत जाऊन जाड डिक्शनरी उघडली. मूळ शब्द मराठी, असंच तिथे होतं. शब्दाच्या शेवटी जो 'गूस', म्हणजे इंग्रजी हंस दिसतो, त्याचा या प्राण्याशी काही संबंध नाही. इंग्रजांनी आपल्या जिभेच्या सवयीनं तो तिथे बसवला असावा. तरी मला खरं वाटेना. सर आणि डिक्शनरी मिळून माझी चेष्टा करतायत, असंच वाटत राहिलं.

दिवाळीत घरी हे सांगितलं आणि फसलो.

"इंग्लिस शिकाय धाडलं, आन् तितं मुंगूस शिकिवत्यात?" आबा म्हणाले. "मुंगूस तर तुला म्या दावलं."

"आबा, नाव आपल्यातनं त्यांच्यात गेलंय."

"कुणी न्हेलं? इचारलं हुतं का न्हेताना?"

"आवं, नावच न्हेलंय न्हवं," आई म्हणाली. "मुंगूस हाय की हितंच."

"आज नाव न्हेलं, उंद्या रान न्हेतील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेंढरं इस्लामपूरकडं पोचली की तुज्या मास्तराला भेटतो. मग ठरवू."

आणि खरंच आले. खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. कॉलेजच्या व्हरांड्यातली पोरं वळून बघू लागली. मला कुठेतरी लपावंसं वाटत होतं.

"मास्तर, मुंगूस आमचं का इंग्रजाचं?"

"तुमचंच."

"मग त्येंच्यात गेलं कसं?"

सर म्हणाले, "पोर्तुगीज खलाशांबरोबर गेलं असावं. पण खात्रीनं मला सांगता येणार नाही."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हंजी अजून शोधताय व्हय?"

"शोधतोय."

"मग लय येळ लागंल." एवढं बोलून त्यांनी मला एस.टी. स्टँडचा रस्ता विचारला. मला चल म्हणाले नाहीत, ऱ्हा म्हणाले नाहीत. वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या गप्पपणाचा मी वाईटच अर्थ लावला. ट्रंक आवरून ठेवली. रोज गेटवर घोंगडं दिसतं का बघायचो. घर म्हटलं की मला गाव आठवत नसे, कळप आठवायचा. पुढे आबा, मागे मी. ती मागची जागा माझी वाट बघतेय, याची भीती वाटायची आणि त्याचाच आधारही वाटायचा.

शेवटी आमच्या गावचा सदा फौजी, सुट्टी संपवून मिरजेला गाडी धरायला निघालेला, हॉस्टेलवर डोकावला. आईनं दिलेल्या शेंगा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तुला ठावं न्हाई व्हय, गड्या? तुज्या मास्तराला भेटून आल्याव तुज्या बानं निम्म्याच्या वर मेंढरं इकली. म्हणला, आमा नवरा-बायकूला आवरत्याल तेवडीच ठिवली."