कागदाला ठाऊक नसलेलं नाव

जुलैचा कडाका; आमच्याकडं हिवाळा जुलैतच. अंगणातला नळ रात्रीत गोठून बसला होता आणि मोखेले खांद्यावर घोंगडी टाकून, तोंडानं वाफ सोडत, किटलीतलं कढत पाणी त्याच्यावर थोडं थोडं सोडत होता. एकदम ओतलं की नळ तडकतो. आमच्या दोघांच्या घरांची भिंत एक, त्यामुळं त्याचं सगळं मला ऐकू यायचं.

आत त्याची बायको माकाबेलो मक्याची पेज ढवळत होती. ती दवाखान्यात तान्ह्या पोरांची वजनं करते.

"काल एकजण पोराचं कापड सोडायलाच तयार होईना," ती म्हणाली. "सासूनं बजावलंय म्हणे. मग तसलंच दुसरं कापड वेगळं तोललं न् वजा केलं."

"काट्यावर दिसलं एक, लिहिलंस दुसरं. लबाडीच की ही."

"काट्याला काय कळतंय हो, कापड कुठं संपतं न् पोर कुठं सुरू होतं? ते बघायलाच मला ठेवलंय."

मोखेले नुसता हसला. पटलं नव्हतं त्याला. तो कोर्टात दुभाषा. साक्षीदार सेसोथोत बोलणार, नोंद इंग्रजीत होणार, मधल्या स्टुलावर हा. बावीस वर्षं. शिवी आली तर शिवी, अडखळणं आलं तर अडखळणं. "मी नळ आहे," तो म्हणायचा, "पाण्याला चव लावायचं काम माझं नाही." वकील त्याला त्यावरून चिडवत. रविवारी फुटबॉलच्या शिट्ट्याही तोच मारायचा. पण आपल्या गावाचा सामना असला की शिट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन खुशाल घरी बसायचा.

कोर्टातली नोंद मी लिहायचो.

त्या दिवशी मालिताबा साक्षीला उभी होती. नवरा जाऊन दोन महिने झाले नाहीत तोवर तिच्या गोठ्यातली बैलजोडी गेली. ती परत मिळाली नाही तर शेत पडीक. सासरा सेखोबे म्हणत होता, बैल आपणहून भरकटत माझ्या कळपात आले. पण फाटक उघडणारा माणूस तिनं डोळ्यांनी पाहिला होता.

"कोणी उघडलं?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

मालिताबा घोंगडीच्या काठाकडं बघत म्हणाली, "ज्यांच्या चुलीपाशी मला सून म्हणून बसवलं, त्यांनी."

मोखेलेनं इंग्रजीत शब्दाला शब्द दिला.

"चुलीपाशी पन्नास माणसं बसतात," सेखोबेचा वकील उठला. "नाव सांगा, नाव."

ती गप्प. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक. मॅजिस्ट्रेटबाई आमच्यातल्याच, त्यांनी तरी आपल्या सासऱ्याचं कुठं घेतलं असेल!

"मला माहीत आहे, पण कागदाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि वरचं कोर्ट कागद वाचतं."

"मग लिहा," वकील म्हणाला, "साक्षीदाराला माणूस ओळखता आला नाही."

मी पेन टेकवलं न् मोखेलेकडं पाहिलं. नाव त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. एवढासा शब्द. त्यानं तो गिळला आणि स्टुलावरून उठला.

"बाईसाहेब, मी ऐकलं ते सगळं अजून सांगितलेलं नाही. ही गप्प राहिली तेही मी ऐकलंय. त्याचा अर्थ सांगितला तर मी दुभाषा उरत नाही. मला साक्षीदार करा."

"नळ साक्ष देणार आता!" वकील हसला.

"न्ताते मोखेले, या खटल्यापुरतं स्टूल सुटेल," बाईंनी बजावलं.

"सुटू दे."

स्टुलावर मला बसवलं, नोंद बाईंनी स्वतः घेतली. मोखेलेनं रीत सेसोथोत चार वाक्यांत सांगितली, मी घाबरून तिची दोनच केली. समोर उभा राहून तो जीभ चावत होता. शेवटी राहवलं नाही.

"अरे, 'कधीच' राहिलं तुझं!"

"साक्षीदारानं दुभाष्याला शिकवू नये," बाई म्हणाल्या.

कोर्ट खदखदून हसलं. मी 'कधीच' घातलं.

"बैल कोणी नेले ते मला ठाऊक नाही," तो पुढं म्हणाला. "ही का बोलत नाही, तेवढं ठाऊक आहे."

मग बाई मालिताबाकडं वळल्या. "जो माणूस पाहिलास, त्याचं नाव तुला घेता येत नाही?"

"नाही."

"अशी माणसं हयात किती?"

"एकच उरलेत."

सेखोबे गुडघ्यावरची टोपी गोल गोल फिरवत राहिला.

तो खटला संपेस्तोवर मोखेले बाहेर उन्हात पायरीवर बसून असायचा, आतून माझं इंग्रजी ऐकत आणि कपाळ बडवत. ऑगस्टात, नांगरणीच्या तोंडावर, बैल मालिताबाच्या गोठ्यात परत आले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून माकाबेलोचा आवाज आला. "मग? लबाडी झाली का तुमच्या हातून?"

मग तो म्हणाला, "कापड वेगळं तोललं. पण काटा आधी दुसऱ्याच्या हातात दिला."

"बरं बरं. सकाळी किटली लवकर ठेवा. आज आभाळ निरभ्र आहे, नळ गोठणार."

सकाळी नळ गोठलाच होता. मोखेले किटली घेऊन बाहेर आला आणि पाण्याची बारीक धार सोडत उभा राहिला.